मांडलेले घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण घर पाहावे विकून, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. कारण उघड आहे. घर विकणे ही त्या काळी नाइलाजाची गोष्ट होती. कर्ज झाले, भाऊबंदकी माजली किंवा गावात पोट भरेनासे झाले म्हणजे घर जाई. आणि गेलेल्या घराची वाच्यता माणसे चारचौघांत करीत नसत. आज तसे राहिलेले नाही. माणसे दोन खोल्यांचे घर विकून तीन खोल्यांचे घेतात, डोंबिवलीचे विकून पुण्यास जातात, मुलांनी परदेशी बिऱ्हाड केले म्हणून इकडचे मिटवून टाकतात. घर विकण्यात आता लाज वाटण्यासारखे काही उरलेले नाही. आणि ज्या गोष्टीत लाज उरत नाही तिचा व्यवसाय होतो, या न्यायाने, घर चांगल्या किमतीला जावे म्हणून ते सजवून देण्याचाही एक स्वतंत्र व्यवसाय जगात उभा राहिला आहे.

या व्यवसायाला 'होम स्टेजिंग' म्हणतात. स्टेज म्हणजे रंगमंच. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात घरांच्या खरेदीविक्रीचे काम करणाऱ्या बार्ब श्वार्ट्झ या बाईंकडे त्याचे जनकत्व दिले जाते, आणि त्याचे साल १९७२ सांगतात. 'तुमच्या घरात पसारा फार आहे' असे घरमालकाला तोंडावर सांगणे कठीण असते. त्याऐवजी 'आपण रंगमंच सजवू या' असे म्हटले की कोणाला राग येत नाही, ही त्यातली मूळची युक्ती. पुढे त्याचे रीतसर शास्त्र झाले. घरातले निम्मे सामान गोदामात टाकायचे, भिंतींना फिकट रंग द्यायचा, मोक्याच्या जागी आरसे लावायचे, दिवसाही दिवे लावून ठेवायचे, टेबलावर फळांची परडी ठेवायची. घर रिकामे असेल तर भाड्याचे सोफे आणि भाड्याच्या उशा आणायच्या. आणि मुख्य म्हणजे कुटुंबाची छायाचित्रे भिंतीवरून उतरवायची. कारण घर पाहायला आलेल्या माणसाला त्या घरात स्वतःचा संसार दिसला पाहिजे. तिथे आधीच दुसऱ्याचा संसार हसत बसलेला असला तर ते कसे जमणार?

मराठीत या साऱ्याला मला 'मांडणे' हे साधे क्रियापद पुरेसे वाटते. आपण पाट मांडतो, चौरंग मांडतो, चैत्रगौरीपुढे आरास मांडतो, मुलीच्या लग्नात रुखवत मांडतो. संसार मांडतो तो याच क्रियापदाने, आणि दुकान मांडतो तेही याच क्रियापदाने. विकण्यासाठी मांडलेले घर हे यांपैकी कशात मोडते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आपल्याकडे हा प्रकार बहुतेकांना भेटतो तो सॅम्पल फ्लॅटच्या रूपाने. असा एक फ्लॅट मी आणि माझी पत्नी पाहून आलो. इमारत अजून पायातच होती. फ्लॅट मात्र जमिनीवर, एका मांडवात, पूर्ण सजून उभा होता. आत शिरताच मन प्रसन्न झाले, हे कबूल केले पाहिजे. थोड्या वेळाने ध्यानात आले की खोल्यांना दारेच नाहीत. दार उघडायला आणि मिटायला जागा लागते, आणि तेवढी जागा डोळ्यांना मोकळी दिसली होती. जेवणाचे टेबल काचेचे होते, म्हणजे नजर त्यातून आरपार जावी. पलंग सुंदर होता, परंतु त्यावर माझ्यासारखा साडेपाच फुटी माणूस आडवा झाला असता तर पावले बाहेर राहिली असती. कपडे वाळत घालायची दोरी नव्हती, गव्हाचा डबा नव्हता, औषधाची बाटली नव्हती. माझ्या पत्नीने सोबतच्या मुलीला विचारले, "केरसुणी कोठे ठेवायची?" ती मुलगी गोड हसली. तिला तो विनोद वाटला असावा. माझ्या मते त्या दिवशी त्या मांडवात विचारला गेलेला तो एकमेव गंभीर प्रश्न होता.

पण वाचकांनी असे समजू नये की मी या साऱ्याला नाके मुरडण्यासाठी लेखणी उचलली आहे. तसे करण्याचा आपल्याला अधिकार तरी कोठे आहे? मुलगी पाहायला मंडळी येणार म्हटली की आपल्या घरांत काय काय होत आले आहे ते आठवून पाहावे. फाटकी सतरंजी आत जाई, शेजारच्यांचे चांगले कप बाहेर येत, धाकट्या भावाला खेळायला पिटाळले जाई, आणि जिने उभ्या जन्मात कधी पोहे परतले नाहीत तिच्या हातचे म्हणून पोहे पुढे येत. पाहुणे येणार म्हणून घर आवरणे याला आपण कपट म्हणत नाही, आदर म्हणतो. आता हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघर जळमटे निघालेली असतील, तोरणे लागलेली असतील, दारापुढे रांगोळी असेल. वर्षभर घर असे नसते, हे येणाऱ्यालाही ठाऊक असते. मग सजवण्यात पाप नाही, एवढे तर मान्य करावे लागते. प्रश्न असा आहे की सजावट कोठपर्यंत सजावट असते, आणि कोणत्या पायरीवर ती फसवणूक होते?

हा प्रश्न सॅम्पल फ्लॅटइतका नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी रोमचा वक्ता आणि विचारवंत सिसेरो याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ सिसिलीत, सिराक्यूज नगरात, विश्रांतीसाठी गेला होता. मित्रांना बोलवावे, मजेत राहावे, अशी एखादी बाग त्याला विकत हवी होती. पिथियस नावाच्या तिथल्या एका सावकाराच्या हे कानावर गेले. तो म्हणाला, बाग माझी आहे, पण विकायची नाही; तुम्ही मात्र ती आपलीच समजा, आणि उद्या जेवायला या. मग त्याने कोळ्यांना बोलावून सांगितले की उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा. दुसऱ्या दिवशी कॅनियस येऊन पाहतो तो समोर नावाच नावा, आणि जो तो कोळी मासे आणून पिथियसच्या पायाशी टाकतो आहे. हे काय, असे विचारताच पिथियस म्हणाला, यात नवल कसले? सिराक्यूजचे सगळे मासे इथेच तर असतात. या लोकांचे या बागेवाचून चालत नाही. कॅनियस वेडावला. त्याने आग्रह धरला, पिथियसने आढेवेढे घेतले, आणि शेवटी मागेल त्या किमतीला बाग सामानसुमानासकट विकली. पुढच्या दिवशी कॅनियसने मित्रांना बोलावले. समोर एक वल्हेही दिसेना. शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांचा सण आहे काय? शेजारी म्हणाला, सण कसला? इथे कोणी मासे धरतच नाही; काल काय झाले होते याचेच मला नवल वाटले.

होम स्टेजिंगची इतकी जुनी आणि इतकी साग्रसंगीत कथा दुसरी मला माहीत नाही. पिथियसने बाग रंगवली नाही, तिचे कुंपण लपवले नाही. त्याने फक्त समोरचे पाणी सजवले. कॅनियस कोर्टातही जाऊ शकला नाही, कारण अशा कपटाविरुद्धचा दावा रोमन कायद्यात तेव्हा अजून आलेला नव्हता. पुढे तो आणणारा कायदेपंडित अक्विलियस याला कपटाची व्याख्या विचारली, तेव्हा त्याने, एक भासवावे आणि दुसरेच करावे, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे सिसेरो सांगतो.

ही व्याख्या ऐकायला चोख आहे. लावायला गेले की अडचण येते. पिथियस उघड उघड खोटे बोलला. परंतु जो बोलतच नाही त्याचे काय? याही प्रश्नाला त्या ग्रंथात जागा आहे. एक सज्जन माणूस घर विकतो आहे. घराची लाकडे कुजली आहेत, खोल्यांतून साप निघतात, हवा रोगट आहे. आणि हे त्याच्यावाचून कोणाला ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? डायोजेनीस नावाच्या तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की सांगण्याची जरुरी नाही. घेणाऱ्यावर कोणी सक्ती केलेली नाही. त्याने आपली अक्कल वापरावी. रोगट घर विकणे आहे अशी दवंडी पिटणाऱ्या मालकाइतका मूर्ख कोण? त्याचाच शिष्य अँटिपेटर याचे म्हणणे उलट होते. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे अथेन्समध्ये शापाला पात्र मानतात. मग समोरचा चुकतो आहे हे जाणून त्याला त्या चुकीत जाऊ देणे हे त्याहून वाईट नव्हे काय? सिसेरोने निकाल अँटिपेटरच्या बाजूने दिला. तेवढ्यावर न थांबता त्याने एक खराखुरा खटलाही सांगितला. एका रोमन माणसाला, तुझ्या घराचा उंच भाग पाडून टाक, असा आदेश झाला होता. त्याने तो आदेश पोटात ठेवून घर विकून टाकले. न्यायाधीश केटो याने ठरवले की ठाऊक असून सांगितले नाही, तेव्हा नुकसान विकणाऱ्याने भरून द्यावे. महानगरपालिकेची नोटीस खिशात ठेवून फ्लॅट विकणारे आपल्याला काही नवे नाहीत; तेही इतके जुने आहेत.

आपल्या देशाच्या कायद्यानेही अँटिपेटरचीच बाजू घेतली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम पाहावे. वेगळा करार झालेला नसेल तर विकणाऱ्याने मालमत्तेतला असा प्रत्येक मोठा दोष सांगितला पाहिजे, जो त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेतली तरी त्याला सापडला नसता. तो न सांगणे म्हणजे फसवणूक, असे ते कलम स्पष्ट म्हणते. सॅम्पल फ्लॅटही आता मोकाट राहिलेला नाही. २०१६ च्या ज्या स्थावर संपदा कायद्याला आपण रेरा म्हणतो, त्याच्या १२ व्या कलमात जाहिरातीबरोबरच नमुन्याच्या फ्लॅटचाही उल्लेख आहे. त्यावर विसंबून कोणी पैसे भरले आणि खोट्या माहितीमुळे त्याचे नुकसान झाले, तर ते भरून देण्याची जबाबदारी बिल्डरची. महाभारतात वारणावताला पांडवांसाठी जे सुंदर घर सजवून ठेवले होते, त्यात पाऊल टाकताच धर्मराजाला तुपाचा आणि लाखेचा वास आला. परंतु त्याला विदुराने आधीच सावध केलेले होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला विदुर भेटतोच असे नाही. तेव्हा कायद्याने थोडेफार विदुराचे काम करावे हे योग्यच झाले.

इथपर्यंत प्रश्न सोपा वाटतो: झाकणे वाईट, सांगणे चांगले. पण माझ्या एका मावसभावाची हकीकत ऐकल्यापासून तो मला तितका सोपा वाटत नाही.

हा मावसभाऊ सिअ‍ॅटलजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याने तिथले आपले घर विकले. सजवणाऱ्या बाईने येऊन पाहणी केली आणि यादी दिली. छायाचित्रे उतरवा. देवघर बंद करून कपाटात ठेवा. मुलीच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर होत्या, त्यांवर रंग मारा. आणि शेवटचे कलम: घर विकेपर्यंत फोडणी देऊ नका. मोहरी-हिंगाचा वास पडद्यांत बसतो. दोन आठवडे ती मंडळी पाव, दूध आणि मित्रांच्या घरचे जेवण यांवर राहिली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आपल्याच घरात आम्ही पाहुण्यासारखे राहिलो. सकाळी अंथरुणाची सुरकुती काढून बाहेर पडायचे, आणि आपण इथे राहत नाही असे दाखवायचे."

यात फसवणूक झाली काय? त्या राज्यात घराचे ठाऊक असलेले दोष विकणाऱ्याने छापील नमुन्यात लिहून द्यायचे असतात. माझ्या मावसभावाने ते दिले. पाण्याचा बंब जुना आहे, छपराची एकदा दुरुस्ती झाली आहे, हे सारे त्यात होते. म्हणजे घेणाऱ्याच्या एका हाती सजवलेले घर होते आणि दुसऱ्या हाती त्याचे दोषपत्र. घेणाऱ्याला नडेल असे काही लपवलेले नव्हते. लपवले होते ते घरात कोण राहत होते एवढेच.

याहून कडू गोष्टी त्याच देशात घडल्या आहेत. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी काही कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हकीकती छापल्या. घराची किंमत ठरवायला आलेल्या माणसाने ती फार कमी लावली. मग त्यांनी भिंतीवरची आपली छायाचित्रे उतरवली, कपाटातली काही पुस्तके हलवली, कोणी आपल्या जागी एखाद्या गोऱ्या मित्राला उभे केले, आणि दुसऱ्या वेळी त्याच घराची किंमत पुष्कळ वाढली. वीट तीच, छप्पर तेच. या माणसांना कोण लबाड म्हणेल? इथे खोटे होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. त्यांनी आपले चेहरे लपवले नसते तर घराचे खरे मोल बाहेर आलेच नसते. आपणही यावर फार दूरून हळहळायला नको. भाड्याने जागा पाहायला गेलेल्या माणसाला आपल्या शहरांतही आधी आडनाव विचारतात आणि मग स्वयंपाकात काय शिजते ते.

म्हणून मला वाटते की 'झाकले की नाही' हा प्रश्न अपुरा आहे. 'जे झाकले ते कोणाचे होते?' असे विचारले पाहिजे. घराबद्दलचे सत्य हे घेणाऱ्याचे असते. भिंत, गळती, पाणी, कागदपत्र यांवर त्याचा हक्क आहे, कारण उद्यापासून त्यांच्यासोबत त्याला राहायचे आहे. घरच्या माणसांबद्दलचे सत्य मात्र घरच्या माणसांचे. त्यांचे दुखणे, त्यांची गरज, त्यांचे देव आणि त्यांच्या फोडण्या हा विक्रीच्या मालाचा भाग नाही. मावसभावाने देवघर कपाटात ठेवले यात घेणाऱ्याचे काही गेले नाही. वहिनींचे काही गेले असेल, पण त्याचा हिशेब वेगळ्या वहीत आहे.

मात्र ही रेघ कागदावर मारणे जितके सोपे, तितके घरात मारणे सोपे नसते. याच मावसभावाच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, डोंबिवलीचा फ्लॅट विकला तेव्हा मला ते जवळून पाहायला मिळाले.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. काका गेल्यावर तीन जिने चढणे जमेना, म्हणून पुण्याला लेकीच्या शेजारी एक लहानशी जागा घ्यायचे ठरले. डोंबिवलीचा फ्लॅट वरच्या मजल्यावरचा, आणि त्याची आतल्या खोलीची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरी. सोसायटीने दोनदा गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले; ओल कमी झाली, गेली नाही. विक्रीला जागा काढली ती डिसेंबरात. तेव्हा भिंत खडखडीत वाळलेली असते. पोपडे निघालेल्या जागी पिवळसर डाग तेवढा राहतो.

एजंट भला मुलगा होता. तो म्हणाला, "आजी, भिंतीला रंगाचा एक हात मारू, आणि ते गोदरेजचे कपाट या बाजूला सरकवू. खोलीही मोठी दिसेल." रंग, नवे पडदे, जास्त उजेडाचे दिवे, माळ्यावरच्या ट्रंका हलवणे, या सगळ्याला मावशी राजी झाली. "घर नीटनेटके दाखवायला माझी ना नाही," ती म्हणाली. कपाटाला मात्र तिने नकार दिला. मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"आई, तू खोटं बोलू नकोस," तो म्हणाला. "पण कोणी विचारलंच नाही, तर आपण होऊन कशाला सांगायचं?"

"अरे, विचारील कसा?" मावशी म्हणाली. "पुढे कपाट असल्यावर त्याला दिसणार काय आणि तो विचारणार काय?"

मला वाटते, पुस्तकांतून मी जे शोधीत होतो ते मावशी या एका वाक्यात बोलून गेली. कायदा म्हणतो की साध्या काळजीने जो दोष दिसेल तो घेणाऱ्याने पाहावा, आणि जो दिसणार नाही तो विकणाऱ्याने सांगावा. भिंतीवरचा डाग पहिल्या प्रकारातला होता. तो तसाच राहिला असता तर, माझ्याकडे पाहा, एवढे तरी भिंत स्वतः म्हणाली असती. त्याच्यापुढे कपाट सरकवताच तो दुसऱ्या प्रकारात जातो. कपाटाने भिंतीचे तोंड बंद केले, म्हणून आता मालकाने तोंड उघडले पाहिजे. सजावट आणि फसवणूक यांतली पायरी मला इथे दिसते. घर गोजिरे दिसावे म्हणून जे करतो ती सजावट. समोरच्याला प्रश्नच सुचू नये म्हणून जे करतो ती फसवणूक. कपाट तेच असते. ते कोणत्या भिंतीपुढे आहे आणि का आहे, यावर सारे अवलंबून असते. तोच न्याय रंगाच्या हाताला. मावशीने रंग मारला, आणि त्या रंगाखाली काय आहे ते सांगणे आपल्यावर आले आहे हेही ओळखले.

आलेल्या पहिल्या गृहस्थांना तिने भिंत दाखवून सांगितले, "पावसाळ्यात इथे ओल येते." त्यांनी मान डोलावली आणि ते पुन्हा आले नाहीत. महिनाभर कोणी फिरकले नाही. मुलाचे फोन लांबू लागले. पुण्याच्या जागेचा हप्ता भरायची तारीख जवळ येत होती. मग एक तरुण जोडपे आले, कडेवर सात-आठ महिन्यांचे मूल. त्यांना घर आवडले. ती मुलगी आतल्या खोलीत जाऊन त्याच भिंतीशी उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, पाळणा इथे लावता येईल." एजंटने मावशीकडे पाहिले. मावशी म्हणाली, "पाळणा त्या समोरच्या भिंतीला लावा, बाई. ही भिंत पावसाळ्यात गार पडते, ओल धरते." जोडप्याने आपसात बोलून घेतले, आणि चार दिवसांनी सौदा झाला तो ठरल्यापेक्षा दोन लाख रुपये कमी करून.

सत्य बोलल्याने मावशीचे भले झाले, अशी गोष्ट मला सांगता आली असती तर दिवाळीच्या दिवसांत ती वाचकांना गोड लागली असती. परंतु तसे झाले नाही. दोन लाख गेले ते गेले. पुण्याची जागा तिला एक खोली कमी असलेली घ्यावी लागली. काकांच्या पुस्तकांचे कपाट तिथे मावले नाही. ते वाचनालयाला दिले. घेणाऱ्या जोडप्याने आभार मानल्याचेही मला आठवत नाही; त्यांनी भिंत दाखवून भाव पाडला, आणि तो त्यांचा हक्कच होता. डायोजेनीस असता तर म्हणाला असता की दवंडी पिटणारी मालकीण ती हीच. आणि मावशीच्या मुलाला तरी मी दोष कसा देऊ? आईच्या म्हातारपणाची एक खोली त्याच्या डोळ्यांपुढे होती. परक्याच्या पाळण्यापेक्षा आईची खोली जवळची वाटणे यात दुष्टपणा नाही. बहुतेक फसवणूक जगात दुष्टपणाने होत नसते. आपल्या माणसांच्या काळजीने होते. म्हणूनच ती ओळखायला इतकी कठीण जाते.

मग मावशीने काय मिळवले? मी तिला हे विचारले होते. तिने उत्तर दिले नाही, विषय बदलला. तिच्या वतीने उत्तर द्यायचे तर मी एवढेच म्हणेन की घर विकताना माणूस दोन वस्तू हातावेगळ्या करतो. एक भिंती, आणि दुसरी त्या भिंतींत घालवलेली वर्षे. भिंतींचे पैसे येतात. वर्षांचे पैसे येत नाहीत. ती विकणाऱ्यापाशीच राहतात. शेवटचा व्यवहार कपटाचा झाला तर डाग त्या वर्षांवर पडतो, आणि त्याला रंगाचा हात मारता येत नाही. मावशी आज डोंबिवलीच्या घराच्या गोष्टी मोकळेपणाने सांगते. पावसाळा लागला की "त्या भिंतीला आता ओल आली असेल" असे सहज म्हणते, आणि पोहे परतू लागते. दोन लाखांत हे मिळाले असेल, तर ते स्वस्त की महाग हे मी ठरवू शकत नाही. वाचकांनी आपापल्या घरी ठरवावे.

आता लक्ष्मीपूजन येईल. त्या संध्याकाळी आपण घर जितके मांडतो तितके वर्षात कधी मांडत नसू. पाहुणीही तशीच मोठी असते. पण आपल्या जुन्या रीतीत एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्या दिवशी नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात, आणि लक्ष्मी म्हणून तिची पूजा करतात. पणत्या, रांगोळी, फराळाची ताटे आणि नाणी यांच्या शेजारीच ती असते. ज्या घरात केरसुणी आहे तिथे केर आहे, हे उघडच होते. आणि आपल्या बायकांनी ते देवीपासून कधी लपवून ठेवले नाही. घर सुंदर दिसावे म्हणून त्यांनी जिवाचे रान केले, पण या घरात केर निघतो आणि तो आम्ही काढतो, हेही तिच्यापुढे मांडून ठेवले.